जुनी बोलेरो पिकअप: मडफ्लॅप टिकत नाहीत, नवे कसे बसवावेत?

लालमाती

गाडी २००९ ची बोलेरो पिकअप, टायर ७.००-१५. काम कोकणात, चिरेखाणीवरून बांधकामावर चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) पोचवायचं. म्हणजे रस्त्यावर जांभ्याची खडी, पावसात लाल चिखल आणि दिवसातून दहा-बारा वेळा रिव्हर्स.

पुढचा डावा मडफ्लॅप (चाकामागे चिखल अडवणारा रबरी पडदा) गेलाय. त्याची मूळ भोकं फाटून एकमेकांत मिसळलीत आणि मडगार्डच्या काठाचा पत्रा बोटाने दाबला तरी चुरतो. उजवा आहे, पण लोंबतोय. मागचे दोन्ही दुसऱ्यांदा तुटले. ते हौद्याच्या खालच्या पत्र्याला सेल्फ स्क्रूने लावले होते, प्रत्येकी दोन स्क्रू. रिकाम्या गाडीला जमिनीपासून १२० मिमी वर आणि टायरपासून चार बोटं मागे होते.

विचारायचंय ते असं: रबर कोणतं आणि किती जाड घ्यावं? जुना कन्व्हेअर पट्टा कापून लावला तर चालेल का? उंची किती ठेवावी? गॅरेजवाले म्हणतात चासीला भोक मारून पक्कं करून देतो, ते करावं का? आणि पुढच्या कुजलेल्या पत्र्याचं काय करायचं? एकदाच करायचं, पण नीट करायचंय.

१३चा_पाना

दादा, मागचे का तुटले त्याचं उत्तर तुम्ही दिलेल्या मापातच आहे.

रिकाम्या गाडीला १२० मिमी म्हणजे फार कमी. चिरे भरले की मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) सपाट होतात आणि गाडी सहज ७०-८० मिमी खाली बसते. मग फ्लॅपखाली उरले ४० मिमी. त्यात खाणीतला उंचवटा आला की फ्लॅप जमिनीला टेकलाच. पुढे जाताना फारसं बिघडत नाही, कारण टायरची मागची बाजू वर फिरत असते, फ्लॅपला लागली तरी वर ढकलते. रिव्हर्सला उलटं. मागची बाजू खाली फिरते, टेकलेल्या फ्लॅपला टायरखाली ओढते आणि मग त्यावर अख्खी भरलेली गाडी चढते. तिथे दोन सेल्फ स्क्रू काय धरणार? आणखी एक गोष्ट: पाटे सपाट होताना ॲक्सल थोडं मागे सरकतं, म्हणजे रिकाम्या गाडीला दिसणारी चार बोटांची फट भरलेल्या गाडीला तेवढी राहत नाही.

म्हणून आधी माप, मग खरेदी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हवा नेहमीएवढी भरा. हौद्याच्या मागच्या काठाची जमिनीपासून उंची रिकाम्या गाडीला मोजा, नेहमीचा लोड टाकून पुन्हा मोजा. जो फरक येईल त्यात १५० मिमी मिळवा, ती रिकाम्या गाडीला मागच्या फ्लॅपची खालची उंची. फरक ८० आला तर २३० मिमी. खाणीचा रस्ता फार उंचसखल असेल तर २५० करा. टायरपासून मागे १०० मिमी. पुढच्या फ्लॅपला १८० ते २०० मिमी उंची चालते, कारण पुढची बाजू लोडने फारशी खाली बसत नाही.

उंच ठेवला तर चिखल उडेल अशी भीती वाटते. ती दोरीने तपासता येते. दोरीचं एक टोक टायरच्या मागच्या-खालच्या अंगाला चिकटवून धरा आणि फ्लॅपच्या खालच्या काठाला टेकवत सरळ मागे ताणा. टायरच्या वरच्या भागातून उडणारं फ्लॅपवर आदळतं, त्याच्या खालून जे सुटतं ते जास्तीत जास्त या दोरीच्या रेषेपर्यंत. दोरी टेललॅम्पच्या खालून गेली की काम झालं. लॅम्पच्या वरून गेली तर फ्लॅप थोडा खाली घ्या किंवा टायरपासून थोडा लांब न्या. टायरच्या जितका जवळ, तितका खाली न्यावा लागतो.

रबर: आत कॅनव्हासचा थर असलेलं ५ ते ६ मिमी. नुसतं रबर भोकाशी ताणून फाटतं, कॅनव्हास ते धरून ठेवतो. घेताना कापलेली कड बघा, मधे धाग्यांची रेघ दिसली पाहिजे. तुमच्या टायरची रुंदी साधारण २०० मिमी, म्हणून दोन्हीकडे २५ धरून पुढचा २५० मिमी रुंद, उंची ३०० च्या आसपास. मागचा ३०० रुंद आणि ४०० उंच. कठीण प्लॅस्टिकचे तयार फ्लॅप दिसायला छान, पण जांभ्याची खडी त्यांना बोल्टापाशी तडकवते.

आता मुख्य मुद्दा. फ्लॅप टिकतो तो रबराच्या जाडीमुळे नाही, दाबपट्टीमुळे. बोल्टाखाली फक्त वॉशर असला की सगळा ओढा त्या एका भोकावर येतो. २५×३ मिमीची लोखंडी पट्टी फ्लॅपच्या पूर्ण रुंदीला लावली की ओढा सगळ्या वरच्या काठावर वाटला जातो. एका फ्लॅपला एक पट्टी, एकूण चार. पट्टीचे कोपरे घासून गोल करा, नाहीतर तीच रबर कापते.

सामान असं लागेल. पुढे प्रत्येक फ्लॅपला एम६×२५ चे (६ मिमी जाड, २५ मिमी लांब) तीन बोल्ट. मागे प्रत्येकी एम८×३५ चे चार, कारण तिथे ५ मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी, जिला मागचा फ्लॅप लावायचा), ६ मिमीचं रबर, ३ मिमीची पट्टी, वॉशर आणि नट एवढं सगळं पार करायचंय. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न पडणारा). साधा नट आणि स्प्रिंग वॉशर रबरावर ढिला पडतो, कारण रबर हळूहळू दबतं आणि स्प्रिंग वॉशरला धरायला ताण उरत नाही. स्टीलचे म्हणजे एसएस (स्टेनलेस) बोल्ट घेतलेत तर आट्यांना कॉपर ग्रीस किंवा निदान साधं ग्रीस लावा. एसएसवर एसएसचा नायलॉक कोरडा आवळला की आटे एकमेकांत अडकतात, मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही, कापावाच लागतो.

चासीला भोक: नको. चासीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडांवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथलं भोक म्हणजे तड्याची सुरुवात, वेल्डिंगचा टाका तर त्याहून वाईट. फ्लॅपसाठी गाडीच्या कण्याला हात लावू नका. चासीच्या उभ्या बाजूला कारखान्यातूनच रिकामी भोकं असतात, तार ब्रशने चिखल खरवडला की दिसतात. ती वापरा. नाही जमलं तर हौद्याखालच्या आडव्या मेंबरला यू क्लॅम्पने अँगल धरा. अँगल ४०×४०×५ चा, लांबी ३५० मिमी. २५×३ चा अँगल हलका पडतो, एका दगडात वाकतो आणि वाकलेला अँगल फ्लॅपला टायरकडे वळवतो.

शिवारगाडी

वरचं सगळं बरोबर आहे. एक फरक मात्र लिहून ठेवतो, कारण हे वाचणारे सगळे कोकणातले नसतील. आमच्याकडे मराठवाड्यात काळी चिकण माती. ती उडत नाही, चिकटते. टायर आणि फ्लॅप यांच्या मधल्या फटीत थर बसत जातो, टायर त्याला घासून गुळगुळीत करतो आणि फ्लॅप हळूहळू मागे ढकलला जातो. शेवटी बोल्टाशी वाकून फाटतो. काळ्या रानात जाणाऱ्या गाडीला १०० नाही, १४०-१५० मिमी फट ठेवा आणि दोरीने उंची पुन्हा बघा. पुढच्या चाकाला एवढी जागा मिळत नाही, तिथे रानातून बाहेर आल्यावर काठीने माती काढणं हाच उपाय. वाळली की ती विटेसारखी होते आणि निघताना पत्र्याचा रंग घेऊन निघते.

कन्व्हेअर पट्ट्याबद्दल: मागे लावा, पुढे नको. ३००×४५० चा १० मिमी जाड तुकडा दीड किलोच्या पुढे जातो. मागे ५ मिमीच्या अँगलला त्याचं काही वाटत नाही. पुढच्या मडगार्डचा पत्रा मात्र १ मिमीच्या आत-बाहेर, खड्ड्यात तो दीड किलो हिसका देतो आणि काठाशी पत्र्याला तडा जातो. ६ मिमीचा २५०×३०० चा तुकडा अर्ध्या किलोच्या थोडा वर भरतो, पुढे तेवढाच असावा. साखर कारखान्याच्या भंगारातला पट्टा मिळाला तर आधी बघा आत स्टीलची तार तर नाही ना. तारेचा पट्टा फ्लॅपसाठी अजिबात घेऊ नका. कड झिजली की तारा सुयांसारख्या बाहेर येतात आणि थेट टायरच्या समोर असतात.

रिव्हर्स जास्त असलेल्या गाडीला एक युक्ती सांगतो. मागच्या फ्लॅपला गोल भोकं न पाडता वरच्या काठापर्यंत उघडी खाच कापा, रुंदी ९ मिमी, खोली ३० मिमी. बोल्ट खाचेत बसतो, दाबपट्टी आवळून धरते. रोजच्या धक्क्याला हलत नाही, पण टायर वर चढला तर फ्लॅप पट्टीखालून खाली निसटतो. रबर फाटत नाही, अँगल वाकत नाही. उचलायचा, चार नट ढिले करायचे, परत सरकवून आवळायचं.

१३चा_पाना

खाचेची युक्ती चांगली आहे, पण अट अशी की पट्टी ३ ऐवजी ५ मिमीची हवी. ३ ची पट्टी दोन बोल्टांच्या मधे कमानीसारखी उचलते आणि रबर तिथे सैल राहतं. आणि बोल्ट एम८×४० घ्यावे लागतील. महामार्गावर जास्त चालणाऱ्या गाडीला मात्र मी गोल भोकंच सुचवेन. वेगात निसटलेला फ्लॅप मागच्या दुचाकीवाल्याच्या चाकात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

रबराला भोक पाडताना ड्रिल वापरलं तर बिट रबर ओढतं आणि भोक वाकडंतिकडं, मापापेक्षा लहान होतं. तापवलेल्या खिळ्याने पाडलं तर कड जळून ठिसूळ होते आणि चीर तिथूनच सुरू होते. होल पंच घ्या, खाली लाकडाचा ठोकळा, पंचाच्या तोंडाला साबणाचं पाणी, एकच ठोका. भोक काठापासून निदान २० मिमी आत. पट्टीला आणि रबराला भोकं एकत्र आखा, वेगवेगळी आखली की हमखास एक चुकतं.

लालमाती

खूप उपयोग झाला. लोड टाकून मोजलं, फरक ८५ मिमी आला. म्हणजे मागची उंची २३५. खाणीत रोज रिव्हर्स आणि वेग कमी, म्हणून खाच कापायचं ठरवतोय, पट्टी ५ मिमीची.

पुढचा पत्रा आज धुऊन पेचकसाने टोचून बघितला. डावीकडे काठापासून साधारण ४० मिमीपर्यंत पेचकस आरपार जातो, त्याच्या वर घट्ट आहे. कुजलेल्या भागाची लांबी १०० मिमी. उजवीकडे फक्त भोकांभोवती गंज आहे. वेल्डिंग करावंच लागेल का? आणि वायरिंग कुठे आड येईल?

पत्राकाम

टोचून बघितलंत हे फार चांगलं केलंत. रंगाखाली पत्रा आहे की नुसता गंज, हे नजरेने कळत नाही.

डावी बाजू: ४०×१०० कुजलंय, तर ५५×१३० कापा. ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापायचंच, गंजावर टाका धरत नाही. तुकडा १ मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा. हे काम मिग (तार आणि गॅसवर चालणाऱ्या) वेल्डिंगवाल्याकडे न्या. साध्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोक पडतं, मग ते भोक भरायला आणखी रॉड, आणखी मोठं भोक. टाके २५-३० मिमी अंतरावर, एक इकडे एक तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, पहिल्यांदा निगेटिव्ह. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. अर्थिंगचा चिमटा त्या पत्र्यालाच, टाक्याच्या जवळ लावायला सांगा. हब किंवा सस्पेन्शनला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. आतल्या बाजूचा काळा अंडरकोट आधी खरवडून काढा, तो पेटतो. जवळ पाण्याची बादली ठेवा.

वेल्डिंग टाळायचंच असेल तर १.६ मिमीच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची ६०×१५० ची पट्टी आतून लावून वरच्या घट्ट भागाला ४.८ मिमीचे चार रिव्हेट मारा आणि फ्लॅप त्या पट्टीला लावा. हे दोन-तीन पावसाळे निघतील असं काम आहे, कायमचं नाही. कुजलेला भाग तसाच ठेवून वर पट्टी मारली तर गंज आत चालूच राहतो, तेव्हा कुजका भाग कापून मगच पट्टी.

उजवी बाजू: जुनी भोकं सोडा. वायर ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग रस्ट कन्व्हर्टर. तो गंजावर लावला की काळा पडतो, पूर्ण वाळू द्या, त्यावर झिंक प्रायमर आणि दोन हात रंग. नवी भोकं जुन्यापासून निदान २५ मिमी दूर. आधी ३ मिमीच्या बिटने, मग ६.५ ने. मागून हात जात नसेल तर एम६ चा रिव्हनट (रिव्हेटसारखा पत्र्यात बसणारा नट) बसवता येतो, त्याला ९ मिमीचं भोक लागतं. पण रिव्हनट घट्ट पत्र्यातच टिकतो, अशक्त पत्र्यात बोल्टासोबत गरगर फिरत राहतो.

ड्रिल मारण्याआधी पत्र्याच्या मागे हात घालून बघा. पुढच्या मडगार्डमागे इंडिकेटरची वायर जाऊ शकते, चाकाच्या आसपास ब्रेक पाइप आणि होज असतात. मागे टेललॅम्पचं वायरिंग, चासीच्या आतल्या अंगाला ब्रेक पाइप आणि एका बाजूला डिझेलची टाकी. बिटला टेप गुंडाळून १० मिमीवर खूण करा, म्हणजे आरपार गेल्यावर बिट आत धसत नाही. सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिथे फ्लॅप आणि पाइप यांत १०० मिमी अंतर हवं, नाहीतर रबर कडक होऊन तडकतं.

आता ज्यात बहुतेक लोक चुकतात ते. ड्रिल मारल्यावर लोखंडाचा किस मडगार्डच्या दुमडीत पडतो. बारीक चकचकीत कण, दिसतही नाहीत. एका रात्रीत त्यांचे तपकिरी ठिपके होतात आणि तिथून रंगाखाली गंज पसरतो. ब्रश आणि हवेने पूर्ण काढा. भोकाची कड कानशीने साफ करून लहान ब्रशने प्रायमर लावा, वाळल्यावरच बोल्ट. रबर आणि पत्रा यांच्या मधे वरच्या काठाला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ द्या, म्हणजे तिथे चिखलाचा खिसा होत नाही. आंबट वास येणारं साधं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसिड पत्र्याला गंज आणतं. खालच्या बाजूला सीलंट अजिबात नको, आत गेलेलं पाणी निघायला वाट पाहिजे.

घाटरस्ता

एक छोटी गोष्ट. ८ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं, म्हणून मागचा अँगल लावताना त्याचं टोक किंवा फ्लॅप टेललॅम्प, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टिव्ह टेपच्या आड येत नाही ना हे गाडीच्या मागे दहा पावलांवर उभं राहून बघा. अँगल हौद्याच्या रुंदीच्या बाहेर एक बोटही नको. उघडं टोक राहिलं तर घासून गोल करा. गाडी धुणाऱ्याची पोटरी बरोबर त्या उंचीला असते.

लालमाती

समजलं. डावीकडे मिग करून घेतो, उजवीकडे नवी भोकं. मागे चासीच्या उभ्या बाजूला दोन रिकामी भोकं सापडली, पण दोन्ही १२ मिमीची. एम८ त्यात खेळणार. आणि बोल्ट किती आवळायचे?

१३चा_पाना

१२ च्या भोकात एम१० चा बोल्ट घाला, ८.८ ग्रेडचा, दोन्हीकडून जाड वॉशर. अँगल दोन बोल्टांवर असला की फिरत नाही. एकावर कधीच टांगू नका, फ्लॅपचा हिसका त्याला वळवतोच.

अँगलचे बोल्ट लोखंडावर लोखंड, ते नेहमीसारखे घट्ट. रबरावरचे वेगळे. पट्टी रबरात किंचित रुतलेली दिसली, कड जराशी फुगली, की थांबायचं. त्याहून आवळलं तर रबर पट्टीच्या कडेने चिरतं, खाचेतून बाहेर ढकललंही जातं. १५०-२०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा १० आणि १३ चा पाना फिरवा, अर्धा आटा तरी जाईलच. तो गेला की मग महिनोन्महिने बघावं लागत नाही.

बसवून झाल्यावर दोन चाचण्या. पुढे, स्टेअरिंग दोन्हीकडे फुल कट करून टायर आणि फ्लॅप यांच्यात ४०-५० मिमी आहे का ते बघा, एकाला आत बसवून दुसऱ्याने वाकून. कमी भरली तर फ्लॅपची आतली खालची कड तिरकी कापा, सगळा फ्लॅप मागे नेऊ नका. मागे, लोड भरून हळूहळू रिव्हर्स घेत मागची चाकं विटेएवढ्या उंचवट्यावर चढवा आणि दुसऱ्याला बाजूला, चाकाच्या रेषेबाहेर उभं करून फ्लॅपकडे बघायला सांगा. टेकला तर खालून २० मिमी कापा आणि पुन्हा चढवा. वाढवता येत नाही, म्हणून पहिल्यांदा कापताना २० मिमी जास्तच ठेवा.